दिवसा रिकामा डान्स हॉल आणि तीन वर्षांची मुलं

संध्याकाळी पाच ते नऊ हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि सकाळी अकराला कुलूप. भाडं मात्र पूर्ण महिन्याचं जातं. मग ‘छोट्यांसाठी दिवसा बॅच’ असा फलक लागतो, दोन-तीन मुलं येतात, महिन्याभरात तीही गळतात आणि खापर जाहिरातीवर फुटतं. बहुतेक वेळा चुकलेली असते ती वेळ. हॉल केव्हा रिकामा आहे ते बघून बॅच लावलेली असते, मूल केव्हा मोकळं आहे ते बघून नाही.

प्लेग्रुप, नर्सरी साधारण नऊ-साडेनऊला भरतात आणि बारा-साडेबाराला सुटतात. घरी जेवण, मग साडेतीनपर्यंत झोप. म्हणजे हॉल सहा तास मोकळा असला तरी कामाच्या वेळा तीनच: सकाळी सव्वादहा, शाळा सुटल्या सुटल्या, आणि दुपारी चार. दुपारी दोनची बॅच कितीही स्वस्त केली तरी भरत नाही. झोपेतून उठवून आणलेलं मूल वर्गात रडतं, आणि आई पुन्हा तो घाट घालत नाही.

सव्वादहाला येतात ती अजून शाळेत न जाणारी, दीड ते तीन वर्षांची मुलं. त्यांच्यासोबत मोठं माणूस आतच हवं. ही बॅच ३० मिनिटांचीच ठेवा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती पावणेअकराला सरकवा. सकाळच्या गार फरशीवर अनवाणी पाय टेकवायला मूल तयार नसतं, त्यामुळे फोमच्या जाड मॅट हव्यातच.

शाळा सुटल्यानंतरची बॅच कागदावर सर्वांत सोपी दिसते आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त फसते. कारण रिक्षाकाका. मूल रिक्षाने किंवा व्हॅनने घरी जात असेल, तर ते तुमच्या हॉलवर उतरणार नाही. काका मार्ग बदलत नाहीत आणि भाडंही कमी करत नाहीत. म्हणून जवळच्या शाळेत आधी एवढंच विचारा: किती मुलांना पालक स्वतः न्यायला येतात? त्यातली निम्मी जरी चालत येण्याच्या अंतरावर असली, तरच १२:१५ ची वेळ लावा. डबा खायला पहिली १५ मिनिटं सोडा, उपाशी मूल नाचत नाही.

चारची बॅच मात्र बहुतेक ठिकाणी चालते. झोप झालेली, दूध पिऊन झालेलं. ४:०० ते ४:४० ठेवा आणि पाचच्या मोठ्या मुलांआधी २० मिनिटं मोकळी सोडा. नाहीतर जिन्यात चपला, स्कूटर आणि दोन्ही बॅचचे पालक यांची एकच झुंबड उडते.

आता आणणारं माणूस. नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांत आई-बाबा दोघंही कामावर असतील, तर दुपारी मुलाला आणणार ती आजी किंवा आजोबा. फी ठरवणार आई, जिना चढणार आजी. लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर ही बॅच भरणं अवघड आहे, हे आधीच मान्य करावं. बाकी सोयी स्वस्तात होतात: दाराबाहेर पाठ टेकता येईल अशा सहा खुर्च्या, पिण्याचं पाणी, मुलाला वापरता येईल असं स्वच्छ स्वच्छतागृह. मूल कोणाच्या हाती सोपवायचं त्याची नावं आणि फोटो पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ‘काका आलेत न्यायला’ एवढ्यावर मूल सोडायचं नाही.

एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते. गुगल मॅपवर तुमची वेळ ‘५ ते ९’ अशीच असेल, तर सकाळी अकराला शोधणाऱ्या आईला ‘बंद आहे’ असं दिसतं. ती वेळ आधी बदला. दुपारी दीड ते तीन फोन उचलणारं माणूस ठेवा, कारण मूल झोपलं की चौकशीचे फोन येतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेजही याच वेळी टाका.

प्लेस्कूलशी बोलणी करायची तर जुलै-ऑगस्टमध्ये. डिसेंबरात बाई गॅदरिंगच्या गडबडीत असतात, तुमचं ऐकायला कोणाला वेळ नसतो. शाळेतच अर्ध्या तासाचा एक वर्ग फुकट घ्या आणि डायरीत जाईल अशी चिठ्ठी द्या. तिच्यावर वय, वार, वेळ, फी आणि डेमोची तारीख, बाकी काही नको. डेमो महिन्यातून दोनच ठरलेल्या दिवशी. ‘कधीही या’ म्हटलं की दर वर्गात एक नवं रडणारं मूल येतं आणि रुळलेली चारही त्याच्यासोबत रडू लागतात.

अडीच ते पाच अशी सरसकट बॅच करू नका. लंगडी साधारण चार वर्षांच्या आसपास जमते. तीन वर्षांच्या मुलाकडून तीच अपेक्षा केली की ते पडतं, आणि शेजारचं पाच वर्षांचं कंटाळतं. ४० मिनिटांत एकच गोष्ट सलग दहा मिनिटांवर नेऊ नका: नमस्काराचं गाणं, प्राण्यांच्या चाली, ओढण्यांचे तुकडे घेऊन नाच, थोडं आडवं पडणं, निरोप. टिपऱ्या या वयाला नकोत, डोळ्याला लागतात. आरशावर पडदा ओढा, नाहीतर अर्धा वर्ग आरशासमोर तोंडं वेडावत बसतो.

पैशांचं गणित उदाहरणादाखल बघा. आठवड्यात दोन वर्ग, फी महिना १,२०० रुपये. शिक्षिकेला वर्गाचे ४००, मदतनीस ताईंना १५०, म्हणजे महिन्याच्या आठ वर्गांचे ४,४०० रुपये. चार मुलांत उरतात ४०० रुपये, आठ मुलांत ५,२००. म्हणून पाच मुलांची फी हातात येईपर्यंत बॅच सुरू करू नये, नावं लिहून थांबावं. दोन मुलांवर रेटलेली बॅच बघून डेमोला आलेली आईही ‘इथे कोणी येत नाही’ असं म्हणून परत जाते. दहाच्या वर घेऊ नका, अकरावं मूल दोघींच्या नजरेतून सुटतं.

सोमवार टाळा, रविवारच्या जागरणाने गैरहजेरी जास्त असते. मंगळवार-गुरुवार बरे. फी तीन महिन्यांची घ्या, पण गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या सुट्ट्या आधीच छापून द्या. पावसाळ्यात सर्दी-तापाने बुडालेले वर्ग भरून द्यायचे असतील, तर महिन्याला दोनच, आणि तेही त्याच वयोगटाच्या बॅचमध्ये. पंचवटीत हॉल असेल, तर २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरची फी महिन्याच्या महिन्यालाच घ्या. सिंहस्थाच्या स्नानांच्या दिवसांत रामकुंडाकडचे रस्ते वळवले जाणार हे धरूनच चाला.