जुनी डिझेल गाडी घेऊन सप्तशृंग गडावर: नांदुरीच्या घाटात काय तपासायचं

नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी करत गड साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. वणीपर्यंत रस्ता बराचसा सपाट, त्यामुळे गाडीचं दुखणं कळतच नाही. ते कळतं नांदुरीनंतर, शेवटच्या दहाएक किलोमीटरच्या चढावर. आमची पंधरा वर्षांपुढची डिझेल एसयूव्ही, घरची सगळी माणसं, एसी चालू आणि मे महिन्याचं ऊन.

घाटात दुसऱ्या गिअरवर तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकायला लागला. तो लाल पट्ट्याला टेकायची वाट बघू नका. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. आत बसणाऱ्यांचे हाल होतात, पण हीटरमधून इंजिनची बरीच उष्णता बाहेर पडते. आम्ही रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि दोन-तीन मिनिटं आयडलवर, म्हणजे रेस न देता जागेवर चालू, ठेवून मग बंद केली. इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या टर्बोलाही ते बरं. वाफ येत असेल किंवा कूलंट सांडत असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद. आणि गरम रेडिएटरचं झाकण कुणीही उघडू नये, उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

कूलंट पुरेसं होतं, पाइप कुठे गळत नव्हते. मग पंखा हाताने फिरवून पाहिला. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत पंख्याला व्हिस्कस क्लच असतो. त्यात सिलिकॉन तेल असतं आणि हवा तापली की तो पंख्याला पकडतो. गरम इंजिनवर पंखा जड लागायला हवा. आमचा भिंगरीसारखा फिरला, आणि क्लचच्या मधोमध काळपट तेलकट ओघळ दिसला. तेल गळून गेलं होतं. (इलेक्ट्रिक पंखा असेल तर हात घालू नका, इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.) मग थांबत थांबत वर गेलो.

दर्शन घेऊन आलो तर स्टार्टर नुसता ‘कट’ करून गप्प. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ असं सांगणारे लगेच जमतात, आणि कितीतरी चांगल्या बॅटऱ्या अशाच बदलल्या जातात. बॅटरीला मल्टिमीटर लावला तर 12.5 व्होल्ट, पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि मुलाला किल्ली मारायला सांगितली. तिथे पाव व्होल्टच्या आत यायला हवं, दोनच्या वर आलं. म्हणजे अर्थिंग, इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची जोडणी, खराब. जंप केबलचं एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या लोखंडी हुकाला लावलं आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

इंजिनची अर्थ पट्टी बोल्टाखाली हिरवट गंजली होती. पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळली. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हेडलाइट मंद, काटे नाचतात, इंडिकेटर लावला की भलताच दिवा लागतो, असं एकदम सगळं बिघडलं तर आधी अर्थिंगच बघा, असं माझं ठाम मत आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट आले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. एखादीच वस्तू बंद पडली तर आधी फ्यूज, मग तिचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून, हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो तिथे लावून बघा.

उतरताना चढाचाच गिअर ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरलं की पॅड तापतात आणि ऐन वळणावर पकड कमी होते. नाशिकला आल्यावर फॅन क्लच बदलला, त्यानंतर चढावर काटा मध्यावरच राहतो.

गाडीत पाणी, कूलंट, फॅन बेल्ट, फ्यूज, साधा मल्टिमीटर आणि जाड तारेची जंप केबल ठेवा. स्वस्तातली बारीक केबल स्टार्टरचा करंट झेपवत नाही. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, वर एसटीने जावं लागतं, तेव्हा त्या दिवसांत गाडी वर न्यायचा बेत करू नका.