चिंक्वे तेर्रे एका दिवसात: कुठे चालायचं, कुठे गाडी धरायची

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर मॉन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावं, म्हणजेच चिंक्वे तेर्रे, एका रांगेत आहेत. एका टोकाला लेवान्तो, दुसऱ्या टोकाला ला स्पेत्सिया. 1874 पासून इथून रेल्वे जाते, बहुतेक बोगद्यांतूनच, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पोचायला दोन ते पाच मिनिटं लागतात. त्यामुळे पाचही गावांत उतरून फोटो काढून परतणं सहज जमतं. पण या किनाऱ्याचं खरं रूप गावांच्या मधल्या उतारावर आहे. तिथे द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी गडग्यांवर उभ्या आहेत आणि ते बोगद्यातून दिसत नाही. म्हणून आम्ही दोघांनी दोन मोठे टप्पे आणि शेवटचा एक छोटा चालून, आणि बाकीचे गाडीने केले. दोन्ही जमवताना सगळी गंमत क्रमात आहे.

मुक्काम ला स्पेत्सियात ठेवला. लेवान्तोही चालेल. गावांत खोल्या महाग आणि बॅगा घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात गाड्या भरपूर असतात, पण दहानंतर डब्यात उभं राहायलाही जागा मिळत नाही. साडेसातच्या सुमारास निघालं की आठच्या आसपास मॉन्तेरोस्सो.

आधी तिकिटाचा हिशोब. ‘ट्रेनो कार्ड’मध्ये दिवसभराचा रेल्वेप्रवास (फक्त रीजनल गाड्या, दुसरा वर्ग), पैसे भरून चालायच्या वाटा, गावातल्या छोट्या बस आणि स्टेशनवरची स्वच्छतागृहं येतात. हंगामात तारखेनुसार एका माणसाचे साधारण 20 ते 32 युरो पडतात. सुटं तिकीट एका फेरीला 5 ते 10 युरो, आणि नुसतं चालायचं ‘ट्रेकिंग कार्ड’ साध्या दिवशी साडेसात युरो. खालच्या क्रमात गाडीच्या तीन फेऱ्या होतात, तेव्हा कार्डच स्वस्त पडतं. दर बदलत असतात, ते चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघावेत. तिथेच वाटा उघड्या आहेत का तेही कळतं. पावसाचा नारिंगी किंवा लाल इशारा असला की वाटा बंद होतात. कागदी कार्डावर नाव लिहून, गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसलेल्या तिकिटाला दंड होतो.

मॉन्तेरोस्सोचं स्टेशन फेजिना या नव्या भागात आहे. वाट सुरू होते जुन्या गावाच्या पलीकडून, म्हणजे समुद्र उजवीकडे ठेवून, पादचारी बोगदा ओलांडून पंधरा मिनिटं. वेर्नात्सापर्यंतचा टप्पा साडेतीन किलोमीटरचा. आकडा छोटा वाटतो, पण दोन तास धरावेत. सुरुवातीलाच उंच-सखल दगडी पायऱ्यांची सलग चढण आहे. वाट समुद्रापासून पावणेदोनशे मीटरच्या आसपास चढते आणि काही ठिकाणी इतकी अरुंद होते की समोरून माणूस आला तर एकाला थांबावं लागतं. थांबताना डोंगराच्या अंगाला थांबा आणि गडग्यावर पाय देऊ नका. एक दगड निसटला की मागे पाणी मुरतं आणि पुढच्या पावसात सगळी पायरी खाली येते. 25 ऑक्टोबर 2011 च्या पुरात वेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सो चिखला-दगडांखाली गाडली गेली होती. उतार राखायचा तो यासाठीच.

सपाट तळाच्या चपला किंवा उघड्या सँडल घालून या वाटांवर जाणं नियमाविरुद्ध आहे, दंडाची तरतूद आहे. खाचांचा तळ असलेले बंद बूट हवेतच. पाणी माणशी दीड लिटर. गावातल्या नळांवर बाटल्या पुन्हा भरता येतात. गर्दीच्या सुट्ट्यांना हा टप्पा एकाच दिशेने, मॉन्तेरोस्सोकडून वेर्नात्साकडे, खुला ठेवतात. तसंही हीच दिशा चांगली, कारण शेवटच्या उतारावर वेर्नात्साचं बंदर आणि दोरिया घराण्याच्या नावाचा बुरूज समोर उलगडत जातो.

वेर्नात्सात तासभर पुरतो. बंदराला लागूनच 1318 चं सांता मार्गेरिता चर्च आहे. खाणं इथे उरका. शाकाहारी माणसाला लिगुरियात अडचण नाही: फोकाच्चा (ऑलिव्ह तेलाचा पसरट पाव) आणि फारिनाता. फारिनाता म्हणजे बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढंच, मोठ्या पसरट तव्यात भट्टीत भाजलेलं. पेस्तो (बेसिलच्या पानांची चटणी) मात्र विचारून घ्या. त्यात पार्मेजान चीज असतं आणि ते वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात.

आता क्रमाचं मर्म. कोर्नील्या हे पाचांतलं एकच गाव समुद्रकाठी नाही, कड्यावर शंभरेक मीटर उंच आहे. त्याला बंदर नाही, बोटी थांबत नाहीत, आणि स्टेशनवरून गावात जायला ‘लार्दारिना’च्या 33 वळणांच्या पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. गाडीने आलेले बहुतेक जण इथे दमून परत फिरतात. वेर्नात्साहून चालत आलात तर वाट प्रेवोच्या वस्तीजवळ 208 मीटरवर चढून थेट गावात उतरते, आणि त्या पायऱ्या नंतर फक्त उतरायच्या राहतात. अंतर चारेक किलोमीटर, वेळ दीड ते दोन तास. दोघांपैकी एकाचे गुडघे कुरकुरत असतील तर त्याने वेर्नात्साहून गाडी आणि स्टेशनवरून बस घ्यावी, दोघं गावाच्या चौकात भेटतील.

कोर्नील्या ते मानारोला ही काठाकाठाची वाट दरडींमुळे बरीच वर्षं बंद आहे. वरून वोलास्त्रा गावामार्गे जाता येतं, द्राक्षमळ्यांतून, अतिशय सुंदर. पण अडीच-तीन तास आणि मोठी चढण. ती करायची असेल तर सकाळचा पहिला टप्पा सोडा. तिन्ही एका दिवसात रेटू नयेत.

कोर्नील्याहून गाडी धरली की मानारोलाला उतरायचं नाही, पुढे रिओमाज्जोरेला जायचं. कारण व्हिया देल्लामोरे, ही रिओमाज्जोरेहून मानारोलाला जाणारी, कड्यातून कोरलेली सपाट, जेमतेम किलोमीटरभराची वाट. 2012 मध्ये दरड कोसळून चार पर्यटक जखमी झाले तेव्हा ती बंद झाली, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पर्यटकांना पुन्हा पूर्ण खुली झाली. आत शिरायचं रिओमाज्जोरेकडूनच, कार्डाव्यतिरिक्त 10 युरो आणि वेळ आगाऊ राखून. पाचच्या आसपासची वेळ घ्यावी. आधीची गाडी उशिरा आली तरी हाताशी तासभर उरतो.

वेर्नात्सा आणि रिओमाज्जोरेचे फलाट थोडे बोगद्यात आहेत. गाडी अंधारात थांबली म्हणजे सिग्नल लागला असं समजून लोक बसून राहतात आणि पुढच्या गावी पोचतात. स्टेशनचं नाव ऐकू आलं की दाराचं बटण दाबून उतरा. पाटीवर गावाचं नाव शोधू नका, शेवटचं स्टेशन बघा: ला स्पेत्सिया की लेवान्तो. ‘सेस्त्री लेवान्ते’ लिहिलेली गाडी लेवान्तोच्याही पुढे जाते. कुठे ‘शोपेरो’ असं लिहिलेलं दिसलं, तर तो संप. कामाच्या दिवशी संप असला तर सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात काही ठरावीक गाड्या धावतात.

मानारोलाला सूर्यास्ताला पोचणं उत्तम. पुन्ता बोनफील्योच्या टोकावरून मागे वळून बघितलं की घरांवर शेवटचं ऊन असतं. इथून स्टेशनपर्यंत पादचारी बोगद्यातून पंधरा मिनिटं धरा. सूर्यास्तानंतर सगळे एकदम निघतात, म्हणून एक गाडी सोडून पुढची धरणं बरं. रात्री गाड्या विरळ होतात, परतीच्या दोन-तीन वेळा सकाळीच टिपून ठेवाव्यात.