माइकशिवायची भूपाळी

आमच्या गिरगावातल्या चाळीची दिवाळी पहाट नरक चतुर्दशीला. तालमी सुरू व्हायच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे हाताशी जेमतेम 18 दिवस. त्यातले पहिले चार पट्टी, म्हणजे सगळ्यांनी धरायचा मूळ सा, ठरवण्यातच जायचे. बायकांना काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) हवी, पुरुष तिच्याखालच्या काळी एकवर खूश. पेटीवरचे काका दोघांनाही नाराज करून काळी तीन धरत. मग बायकांना खालचा पंचम लागेना, पुरुषांचा वरचा सा फाटे. काका वैतागून म्हणत, "वसंत देसाईंनी हजारो शाळकरी पोरं एका सुरात आणली, आणि मला तुम्ही 22 जण आवरत नाही!"

तालीम रात्री साडेनऊला, सगळ्यांच्या लोकल येऊन जेवणं उरकल्यावर. ऐन तेव्हाच घरोघरी चकल्या तळायला घेतलेल्या असत. कार्यक्रमापर्यंत फराळाला हात लावायचा नाही, हा काकांचा हुकूम. एकदा मी गुपचूप शेव खाऊन गेले. पहिलीच ओळ म्हटली आणि काकांनी पेटी थांबवली. "काय गं, तिखट शेव की साधी?" आवाजावरून ओळखलं म्हणून मी थक्क. (आईच्या मते दातात अडकलेली दिसली असणार.)

2000 सालच्या नियमांमुळे सकाळी 6 च्या आत लाउडस्पीकर नाही. तरी आम्ही साडेपाचलाच बसायचो, पहिली भूपाळी माइकशिवाय. भूपाळी पहाटेची, मग भूप राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा कसा, असं विचारलं की काका चष्मा पुसायला घेत.

चौकात सतरंजी. कारीट फोडून, अभ्यंगस्नान उरकून आलेलो आम्ही. केस ओले, अंगाला उटण्याचा वास. तिन्ही मजल्यांच्या कठड्यांना टेकून माणसं उभी, कुणाच्या खांद्यावर अजून टॉवेल. माइक नसल्याने शेजारणीने श्वास कुठे घेतला तेही कळायचं, आणि आपला कुठे घ्यायचा तेही.

एका वर्षी मी अंतरा एक आवर्तन आधीच उचलला. केरवा तालाच्या आठ मात्रा मी एकटी! थांबावं तर पंचाईत, गावं तरी पंचाईत. काकांनी मानही वर न करता माझ्यामागे सूर धरला, तबल्याने सांभाळून घेतलं, आणि पुढच्या समेला सगळे आले. नंतर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "यंदा तुला एकटीला दिलं होतं वाटतं? छान हो!" मी मान डोलावली.

6 वाजले की माइकवाला "हॅलो, हॅलो" करायचा आणि मागच्या गल्लीत पहिली लवंगी माळ तडतडायची. त्यानंतर आम्ही काय काय गायचो, ते आज नीट आठवतही नाही.