गदारोळात मंजूर झालं ते काय?

राजकारणात रस आहे असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा रस खरंतर माणसांत असतो. कोण कोणावर नाराज आहे, कोण दिल्लीला कशासाठी गेलं, स्टेजवर कोणाची खुर्ची कोणाच्या शेजारी होती वगैरे. मला त्यात काही वाईट वाटत नाही, मजा येतेच, गॉसिप कोणाला नको असतं. पण हे सगळं मालिकेसारखं असतं, मध्ये तीन महिने बघितलं नाही तरी चौथ्या महिन्यात अर्ध्या तासात सगळं कळतं. मग इतकी वर्षं रोज बघून आपल्याला नेमकं काय कळलं, असा प्रश्न एकदा डोक्यात आला की चॅनलवरची रात्रीची भांडणं आपोआप कमी होतात.

मला सरकारी कागद वाचायची ही वेगळी चटक लागली ती एका बातमीतल्या नेहमीच्या वाक्यामुळे. 'गदारोळात विधेयक मंजूर.' बातमीत गदारोळाचं वर्णन चार परिच्छेद, कोण वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलं, कोणी कागद फाडले, आणि विधेयकाबद्दल एक ओळ. म्हटलं ते विधेयक तरी बघू.

आता मार्च २०१८ चं उदाहरण घ्या. आंध्रचा विशेष दर्जा, बँक घोटाळा, लोकसभेत रोज घोषणाबाजी. त्या गोंधळात सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चा न करता एकगठ्ठा मतदानाला टाकून, मंजूर झाल्या आणि पाठोपाठ वित्त विधेयकही, म्हणजे बजेटमधले करबदल लागू करणारं विधेयक. त्या विधेयकात मागे कुठेतरी एक कलम होतं, जेमतेम दोन-तीन ओळींचं. २०१६ च्या वित्त कायद्यात जिथे '२६ सप्टेंबर २०१०' आहे तिथे '५ ऑगस्ट १९७६' असं वाचावं, बस्स. वाचून काय कळणार, डोंबल! पण मागे मागे जात राहिलं की कळतं की १९७६ म्हणजे परदेशी देणग्यांचा जुना कायदा लागू झाला ती तारीख, आणि २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्याच कायद्याखाली, परदेशी देणग्या घेतल्या म्हणून, भाजप आणि काँग्रेस दोघांनाही दोषी धरलं होतं. २०१६ च्या कायद्याने 'परदेशी' ची व्याख्या आधीच सैल केली होती, ती कधीपासून लागू ती तारीख मागे नेल्यावर त्या जुन्या देणग्या व्याख्येतूनच बाहेर! एक तारीख खोडून दुसरी लिहिली आणि चाळीसेक वर्षांचा हिशोब साफ. हे मी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं तेव्हा एरवी सकाळ-संध्याकाळ एकमेकांना पुरून उरणारे दोन मामा एकाच वेळी गप्प बसले, पहिल्यांदाच.

निवडणूक रोख्यांची, म्हणजे पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायच्या योजनेची, वाटसुद्धा २०१७ च्या वित्त विधेयकातूनच गेली होती. ती योजना सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली तेव्हा सगळ्यांना कळली. तेव्हापासून बजेटच्या दिवशी कर किती वाढला-कमी झाला हे लोक बघतात आणि मी शेवटची, कंटाळवाणी पानं बघते, जिथे 'अमुक अधिनियमात सुधारणा' असं लिहिलेलं असतं आणि त्या अधिनियमाचा कराशी काही संबंध नसतो.

मात्र खरी करमणूक हवी असेल तर आपल्या विधानसभेचे तारांकित प्रश्न वाचा, मी अगदी मनापासून सांगतेय. साचा ठरलेला. अमुक धरणाच्या कामात गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि खाली मंत्र्यांचं उत्तर: (१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही. (३) प्रश्न उद्भवत नाही. (४) प्रश्न उद्भवत नाही. अहाहा. एवढ्या कमी शब्दात एवढं काम कुठे होत नाही. पण कधीतरी उत्तर येतं, 'अंशतः खरे आहे', आणि मग कान टवकारायचे, कारण खाली कुठला अंश खरा ते सांगावंच लागतं, आकडे द्यावे लागतात, तारखा द्याव्या लागतात आणि सभागृहात दिलेलं उत्तर नंतर सहजासहजी फिरवता येत नाही. लोकसभेत तर एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित म्हणजे तोंडी उत्तर, उपप्रश्न, कॅमेरा, त्यामुळे बातमी होते तीही होऊन होऊन चार-पाच प्रश्नांचीच. अतारांकितांची नुसती लेखी उत्तरं येतात आणि माल सगळा तिथे असतो. आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून शोधा, दुपार कशी गेली कळणार नाही.

समित्यांचंही तसंच. संसदेच्या, खात्यांशी निगडित अशा २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार, सगळ्या पक्षांचे. बैठकीत कॅमेरा नसतो, त्यामुळे सभागृहात एकमेकांवर ओरडणारी माणसं तिथे सचिवांना बसवून एकत्र प्रश्न विचारतात आणि बऱ्याचदा एकमताने अहवाल देतात. त्यात 'समितीला हे जाणून खेद वाटतो' असं वाक्य आलं की समजायचं सचिवसाहेबांची त्या दिवशी चांगलीच हजेरी घेतलेली आहे.

उमेदवारांच्या शपथपत्रांबद्दल फार बोलत नाही, ती आता बरेच जण बघतात. २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे ती आपल्याला मिळाली, नाहीतर कोणी स्वतःहून गुन्हे आणि मालमत्ता थोडीच सांगणार होतं. फक्त एकच करा, एकाच माणसाची दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवा. व्यवसाय दोन्हीकडे शेती आणि समाजसेवा. शेती एवढी पिकते हे आपल्या शेतकऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं.

लोक विचारतात, एवढं वाचून तू करतेस काय? मत तर एकच. बरोबर आहे, पण मत पाच वर्षांतून एकदा आणि 'हरकती व सूचना' जवळजवळ दर महिन्याला असतात. पेपरात कोपऱ्यात मुंग्यांच्या टाईपात जाहिरात येते, मसुदा प्रसिद्ध केला आहे, इतक्या दिवसांत लेखी कळवावे. प्रभागरचना, विकास आराखडा, कुठल्यातरी नियमातला बदल, काहीही. केंद्राचं तर २०१४ पासून धोरणच आहे की कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. पाळतात किती तो वेगळा विषय, आणि मुदत नेमकी सणासुदीतच कशी येते हेही मला अजून कोडंच आहे. आणि आपल्या आवडत्या पक्षाचं सरकार असेल तर मी हरकत आधी लिहिते, कारण त्यांचं कौतुक करायला बाकीचे आहेतच. बहुतेक वेळा पोच येते आणि पुढे काही नाही. एकदा मात्र सुनावणीला बोलावलं, हॉल शंभर जणांचा आणि आलेलो आम्ही सहा, त्यातले दोघं एकाच सोसायटीचे आणि एकमेकांविरुद्ध. अधिकारी बिचारे शांतपणे दोघांचं लिहून घेत होते.

आत्ताही एक मसुदा उघडून बसलेय. तक्रार कोणाकडे करायची ते कलम सातमध्ये व्यवस्थित दिलंय, पण ज्याच्याकडे करायची त्याने किती दिवसांत उत्तर द्यायचं ते कुठेच नाही. तेवढंच लिहून पाठवणार आहे, शुक्रवारपर्यंत मुदत आहे.