कीबोर्डासमोर कोण बसते?

सोलापुरात अभियांत्रिकी शिकत असताना आमच्या कॉम्प्युटर शाखेच्या वर्गात निम्म्याच्या आसपास मुली होत्या आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे. ‘मुलीच्या जातीला कॉम्प्युटर बरे, एसीत बसून काम, वर्कशॉपची दगदग नाही,’ असे पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य काढलेले पालकही म्हणत. त्यामुळे जर्मनीत एमएसच्या पहिल्याच तासाला मुली मोजायला एका हाताची बोटे पुरली, तेव्हा मी चकित झालो. येथे संगणकशास्त्र शिकणाऱ्यांत मुली साधारण एक पंचमांश आहेत, आणि शाळकरी मुलींना तांत्रिक व्यवसायांची ओळख व्हावी म्हणून २००१ पासून दरवर्षी ‘गर्ल्स डे’ भरवावा लागतो. सोलापूरकर म्हणून मला उगाचच अभिमान वाटला.

तो टिकला नाही. ‘मग तुमच्याकडे प्रॅक्टिकलला कोड कोण लिहायचे?’ असे एका वर्गमैत्रिणीने विचारले आणि मला आमची लॅब आठवली. चौघांत एक पीसी, कीबोर्डासमोर मी, आणि मागे उभ्या राहून मॅन्युअल वाचून दाखवणाऱ्या दोघी, ज्या पुढे सबमिशनच्या आदल्या रात्री आमचीही जर्नल पूर्ण करून देत, कारण म्हणे त्यांचे अक्षर चांगले. कोडमधला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, एक फेरी कमी घेतो आहे, हे त्यांतल्या एकीने माझ्या खांद्यावरून बोट दाखवून सांगितले होते. एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, ते श्रेय मी बिनदिक्कत घेतले.

माझा हात कीबोर्डावर बसला होता, तोही घरच्या सवलतीमुळेच. बहिणीचा मोबाइल रात्री नऊला आईच्या उशाशी जाई. माझा कुणी मागितला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांपैकी केवळ ३३ टक्क्यांनी. हे आकडे वाचताना मला आईची उशीच दिसते.

येथे मोबाइल कुणी काढून घेत नाही, तरीही आमच्या प्रोजेक्टच्या बैठकांची टिपणे कुणी न सांगता गटातल्या एकुलत्या एक मुलीकडेच गेली. तिसऱ्या बैठकीत तिने लॅपटॉप सरळ माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून टिपणे मी लिहितो.

बहीण आता त्याच शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिला विचारले, तर म्हणाली, ‘कीबोर्डावर मीच असते रे दादा. पण जर्नलही सगळ्यांची मीच लिहिते.’