‘महल’ पाहायचा असेल तर कूलर बंद करून

मे महिन्याच्या सुटीत माझी पुतणी पुण्याहून सोलापूरला आली होती. एके रात्री जेवताना तिने विचारले, “काका, तो ‘महल’ खरंच बघण्यासारखा आहे का हो? की जुना आहे म्हणून सगळे चांगला म्हणतात?” प्रश्न रास्त होता. मी तो चित्रपट कॉलेजात असताना पाहिला होता आणि माझ्या मनात त्यातले एक गाणे, एक झोपाळा आणि पुष्कळसा अंधार एवढेच शिल्लक होते. तेवढ्या भांडवलावर शिफारस करणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याच रात्री आम्ही दोघांनी तो पुन्हा पाहिला.

पहिली दहा मिनिटे वायाच गेली. सोलापुरात मे महिन्यात रात्री अकरा वाजताही भिंती हाताला गरम लागतात आणि कूलरशिवाय बसणे ही शिक्षाच असते. परंतु हा चित्रपट ज्या शांततेवर उभा आहे, ती कूलरच्या घरघरीत पार बुडून जाते. अखेर कूलर बंद केला, आणि घड्याळात दोनचे टोले पडून ‘खामोश है जमाना’ ही ओळ ताल नसलेल्या, रेंगाळत्या स्वरात सुरू झाली, तेव्हा घामाकडे आमचे लक्षच राहिले नाही. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातले हे गाणे म्हणताना लता मंगेशकर जेमतेम वीस वर्षांच्या होत्या. आवाज लांबून जवळ येतो आहे असे वाटावे म्हणून आपल्याला माइकपासून दूर उभे करून गात गात हळूहळू माइककडे यायला सांगितले होते, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. तबकडीवर मात्र गायिका म्हणून त्यांचे नाव नव्हते. तेथे चित्रपटातल्या पात्राचे, ‘कामिनी’ असे नाव छापले होते. भुताचे गाणे भुतानेच गायले असावे, असा तो प्रकार! खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी वारले.

‘महल’ 1949 सालचा. बॉम्बे टॉकीजची निर्मिती, कमाल अमरोही यांचे पहिले दिग्दर्शन, अशोक कुमार नायक आणि अवघ्या सोळा वर्षांची मधुबाला नायिका. नदीकाठच्या जुन्या वाड्यात नवा मालक येतो, त्याला भिंतीवर स्वतःसारखाच चेहरा असलेली तसबीर सापडते आणि म्हातारा माळी त्याला तेथल्या जुन्या प्रेमिकांची हकिगत ऐकवतो. यापलीकडे कथा सांगणे नको. कॅमेरा योझेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा आहे आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा लेखक तोच. एका कंदिलाच्या उजेडात चेहऱ्याचा किती भाग दाखवायचा आणि किती अंधाराला द्यायचा, याचा त्याने केलेला हिशेब पाहून असे वाटते की हा चित्रपट रंगीत असता तर त्यात भीती उरलीच नसती. रंगांनी वाडा नुसता जुना दिसला असता. काळ्या-पांढऱ्यात तो वाट पाहत उभा आहे असे वाटते. संकलन बिमल रॉय यांचे आहे, आणि पुनर्जन्माचा हाच धागा त्यांनी 1958 मध्ये ‘मधुमती’त स्वतः दिग्दर्शक म्हणून हाती घेतला.

पण भीती वाटते का? भूतपटात लागते तशी नाही. पुतणी एकदाही दचकली नाही आणि मधल्या काही संवादांना तर ती चक्क हसली, कारण मृत्यू, आत्मा आणि प्रीती यांविषयी पात्रे थांबून थांबून जे बोलतात, ते आज नाटकी वाटते. शेवटचा कोर्टाचा भाग तर मलाही कंटाळवाणा झाला. ज्या चित्रपटाने दोन तास सावल्यांवर भागवले, त्याने शेवटी सगळे उलगडून सांगण्याची घाई का करावी, ते कळत नाही. अडीच तासांहून अधिक लांबीतली वीस मिनिटे सहज कापता आली असती.

तरीही पाहावा असेच मी म्हणेन, आणि त्याचे कारण पूर्वी मला दिसले नव्हते. नायकाला भूत दिसते यापेक्षा ते खरे असावे अशी त्याची तीव्र इच्छा आहे, हे अधिक भयंकर आहे. त्या इच्छेपायी तो लग्नाच्या बायकोला, रंजनाला, साप आणि वटवाघळे असलेल्या आडरानातल्या खोपटात नेऊन ठेवतो आणि तेथे तिच्याशी परक्यासारखा वागतो. जिवंत बाई समोर असताना मेलेल्या बाईची वाट पाहणारा नवरा, असा हा प्रणय आहे. कॉलेजच्या वयात मी नायकासाठी हळहळलो होतो. या वेळी मला त्याचा राग आला.

चित्रपट संपला तेव्हा दीड वाजून गेला होता. मी कूलर लावायला उठलो, तोच पुतणीने विचारले, “मधुबालाचं ठीक आहे हो काका, पण ती रंजना कोण होती?” मला सांगता आले नाही. चित्रपट पुन्हा सुरुवातीला नेऊन श्रेयनामावली वाचली, तेव्हा नाव मिळाले: विजयालक्ष्मी.