गडाच्या अलीकडचं गाव

दिंडोरी मागे पडली, लखमापूर फाटा गेला, की एसटीतली माणसं वाकून वाकून सातमाळेची रांग शोधू लागतात. वणीच्या स्टँडवर गाडी थांबते तेव्हाही नजर सप्तशृंगी गडाकडेच. पाण्याची बाटली घ्यायची, पुढे नांदुरी, मग घाट. २०१८ पासून वर ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांचीही चिंता नाही. मी सप्टेंबरअखेरीस वणीतच उतरलो आणि पंचाईत झाली.

"गडावर चालले का, भाऊ?" भेळभत्त्याच्या गाडीवाल्यानं विचारलं.

"नाही, इथंच आलोय."

"कोणाकडं?"

"कोणाकडंच नाही."

त्याचा कांदा चिरायचा थांबला. नुसतं गाव बघायला आलो, हे कारण गावात चालत नाही!

सप्तशृंगीला सगळे वणीची देवी म्हणतात. देऊळ मात्र शेजारच्या कळवण तालुक्यात, आणि वणी दिंडोरीत. गावात जगदंबेचं स्वतःचं देऊळ आहे, पण वर जायच्या घाईत तिकडे वळायला फुरसत कोणाला? (मीही इतकी वर्षं त्यातलाच.)

बाजाराच्या रस्त्यावर सुरगाण्याकडच्या बायका करटुल्यांचे वाटे लावून बसल्या होत्या. "मावशी, कमी करा की," म्हटल्यावर मावशींनी वाट्यातून दोन करटुली काढून घेतली. भाव तोच राहिला. असा रोख व्यवहार मला शहरात भेटत नाही.

डोंगर गावात कुठूनही दिसतो, पण त्याच्याकडे बघायची इथली तऱ्हा वेगळी. नाशिककर त्याचा फोटो काढतो. शेतीच्या औषधांच्या दुकानात बाकड्यावर बसलेले काका बाहेर डोकावून म्हणाले, "अहिवंताच्या डोंगरावर ढग बसलेत. आज फवारायचं नाही." मग द्राक्षाच्या छाटणीवरून जुंपली. आत्ता छाटावी, तर कोवळ्या फुटीवर पाऊस पडून डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, येणार. ऑक्टोबर उजाडू द्यावा, तर माल सगळ्यांबरोबर बाजारात येऊन भाव पडणार. एकजण तावातावानं सांगत होता, की शेजाऱ्यानं कालच कात्री लावली. दुकानदार कोणाचीच बाजू घेईना. औषध दोघांनाही विकायचं होतं.

"तुमची बाग कुठंशी?" काकांनी एकदम मला विचारलं.

मी आपला भत्त्याचा पुडा पुढे केला. काकांनी त्यातली तळलेली मिरची तेवढी उचलली आणि पुन्हा भांडायला लागले.